संध्याकाळचा डोळा

समजा, तुमच्यासमोर नखाएवढी एक काळी चकती ठेवली आहे आणि तिच्यावर तुम्हाला एका माणसाचं बुबुळ रंगवायचं आहे. माणूस समोर खुर्चीत बसला आहे. त्याचा एक डोळा शाबूत आहे, दुसऱ्याच्या जागी पापणीखाली पोकळी आहे. शाबूत डोळ्यात बघायचं आणि चकतीवर उतरवायचं, इतकंच काम. तुम्ही मोजून चार केसांचा ब्रश उचलता. आधी गडद तपकिरी थर देता. मग मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा. हाताला शिस्त असेल तर त्या तुम्ही सारख्या अंतरावर, सारख्या लांबीच्या काढाल आणि तिथेच फसाल. सायकलचं चाक तयार होईल, डोळा होणार नाही. मग बुबुळाची बाहेरची कड. ती स्वच्छ आणि गोल काढलीत, तर डोळा शर्टाला टाचलेल्या बटणासारखा दिसेल. खऱ्या बुबुळाची कड पांढऱ्यात धुरासारखी विरत जाते. शेवटी तुम्हाला मोह होईल तो पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन डोळ्यात चमक आणण्याचा. तो आवरायचा. चमक हे उजेडाचं काम आहे. तुम्ही रंगवलेली चमक माणसाने मान वळवली तरी जागची हलत नाही, आणि तशी चमक बघून समोरच्याच्या अंगावर काटा येतो.

हे सगळं जिने एकोणीस वर्षं केलं, तिला रुग्णालयात सगळे डोळेबाई म्हणत.

तळमजल्यावरच्या लांब बोळाच्या टोकाला तिची खोली होती. खोलीला उत्तरेकडे एक मोठी खिडकी. खिडकीशी तिचं टेबल, आणि पलीकडे नळापाशी साचेकाकांचं. पोकळीचा ठसा घेणं, त्यावरून मेणाचा आकार करणं, साचा भरणं आणि गरम पाण्यात शिजवून घट्ट झालेला डोळा घासून चकाकवणं ही काकांची कामं. मधलं रंगाचं काम तिचं. दहा ते बारा या वेळातच ती रंगवायची. त्या वेळी खिडकीतला उजेड एकसारखा असतो, ना पिवळा ना निळा. बाराला ब्रश खाली. कोणी कितीही घाई केली तरी बाराच्या पुढे ती रंगाला हात लावत नसे. "आमच्या बाईंचे डोळे सकाळीच उघडतात," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि स्वतःच हसत.

या कामात ती ठरवून आलीच नव्हती. चित्रकला शिकत होती तेव्हा तिच्या डोक्यात भिंतीएवढी चित्रं होती. दुसऱ्या वर्षाला एकदा वर्गात पितळी भांडं आणि त्यामागे पडदा मांडला होता. तिने भांडं असं काढलं की वर्गातली पोरं उठून बघायला आली. सर मागे येऊन उभे राहिले. वाकून चित्र बघितलं. मग म्हणाले, "भांडं छान आहे. पण वाजलेत किती?"

"सर?"

"या भांड्यावर किती वाजलेत?"

"भांड्यावर कसे वाजतील, सर?"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "वाजतात," एवढंच म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे गेले. तिने ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

शेवटच्या वर्षी वडील गेले. घरी आई शिवणकाम करायची. दोघींचं त्यात भागेना. रुग्णालयाची जाहिरात होती, रंगकामाची जाण असलेली व्यक्ती पाहिजे. तिला वाटलं, भिंती रंगवायच्या असतील. गेली तर समोर डोळ्यांनी भरलेली पेटी. त्या दिवशी ती जेवली नाही. महिनाभराने सवय झाली आणि सहा महिन्यांनी गोडी लागली. आईची कुरबूर मात्र थांबली नाही. "पाच वर्षं चित्रकला शिकलीस, ती बटणं रंगवायला? बटणं तर माझ्याकडेही बरणीभर आहेत." पण डोळ्याच्या पांढऱ्यावरच्या बारीक लाल शिरांसाठी रेशमाचे तंतू लागत, ते आईच सोडवून द्यायची. चष्मा नाकावर ओढून, लाल धाग्यातून केसापेक्षा बारीक तंतू सुटा करायची, कागदाच्या घडीत ठेवायची आणि विचारायची, "आज कोणाच्या डोळ्यात घालणार आहेस माझा धागा?"

एकोणिसाव्या वर्षी तो एका सुताराच्या डोळ्यात जायचा होता.

सुतार चाळिशीच्या आतला, हाडापेराने दणकट. हातोडीचा घाव तिरका बसला, खिळ्याचं डोकं उडालं आणि डावा डोळा गेला. आता चार महिन्यांनी जखम भरली होती. उरलेला उजवा डोळा घारा होता, म्हणजे तपकिरी म्हणावा तर मधाच्या रंगाचा, कडेला थोडी हिरवट झाक असलेला. काळ्याभोर डोळ्यांत बाहुली आणि बुबुळ एकमेकांत मिसळून जातात, तिथे थोडी चूक खपते. घाऱ्या डोळ्यात काही लपत नाही. बाहुलीचा काळा ठिपका मधावर बसलेल्या माशीसारखा उठून दिसतो.

रंगवताना ती एरवी बोलत नसे. पण सुतार स्वतःहून बोलत होता.

"ताई, एक विचारू? लहान पोराला कळतं का हे?"

"किती लहान?"

"चार वर्षांची आहे माझी मुलगी. मुंगी म्हणतो आम्ही तिला, सारखी लुटूलुटू चालत असते म्हणून. आधी मी कामावरून आलो की मांडीवरून उठायची नाही. आता पट्टी गेली तरी जवळ येत नाही. लांब उभी राहते आणि माझ्या शर्टाशी बोलते."

"शर्टाशी?"

"म्हणजे बघते शर्टाकडे आणि बोलते. तोंडाकडे बघत नाही." त्याने डाव्या पापणीला बोट लावलं. "डोळा बसला की बघेल ना?"

"बघेल," ती म्हणाली. तिला खात्री होती.

सहा सकाळी लागल्या. डोळा बसवला त्या दिवशी बोळातून जाणाऱ्या तरुण डॉक्टरला काकांनी हाताला धरून आत आणलं. "सांगा डॉक्टर, खोटा कुठला? चुकलात तर चहा तुमचा." डॉक्टर खिडकीच्या उजेडात सुताराच्या तोंडापाशी वाकला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि बोट उजव्या डोळ्याकडे केलं. काका टाळी वाजवून ओरडले. सुतार चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. डोळेबाई ब्रश धूत होती. तिने मागे वळून बघितलं नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

आठ दिवसांनी सुतार परत आला. डाव्या पापणीवर पट्टी होती. त्याने खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि आतला डोळा टेबलावर ठेवला.

"टोचतोय का?" काका उठले. "द्या, कड घासून देतो."

"टोचत नाही."

"मग?"

"मुंगी म्हणते, बाबा दोन आहेत. एक माझ्याकडे बघतो, दुसरा भिंतीकडे बघतो. संध्याकाळी मी घरात पाय टाकला की आईमागे लपते. काल तर रडायला लागली. म्हणते, त्या दुसऱ्या बाबाला घरी आणू नको."

डोळेबाईने त्याला खुर्चीत बसवलं, डोळा धुऊन बसवला आणि खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. रंग जुळत होता. कड जुळत होती. मोजपट्टी लावून बाहुली मोजली. तीन मिलिमीटर, दोन्हीकडे तीन. नजरही सरळ होती, भिंतीकडे वगैरे काही जात नव्हती. तिला थोडा रागच आला. एकोणीस वर्षांत कोणी डोळा परत आणून टेबलावर ठेवला नव्हता.

"यात काही चूक नाही," ती म्हणाली.

"पोर आहे हो," काका म्हणाले. "होईल सवय."

"होईल सवय," तीही म्हणाली.

सुतार उठला. दारापर्यंत गेला आणि चौकटीला हात लावून थांबला. सुताराचा हात चौकटीवर गेला की आपोआप ती सरळ आहे का ते बघतो, तसा त्याचा अंगठा लाकडावरून फिरत होता.

"सवय होणारच, ताई," तो म्हणाला. "पण माझ्याकडे न बघायची सवय झाली तर?"

तो गेल्यावर तिने दुसरी चकती घेतली, पण ब्रश चालेना. साडेअकरालाच तिने रंग झाकले. काकांनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि घासणं चालू ठेवलं. चार वाजता तिने स्वतःच विचारलं, "काका, सुताराचा पत्ता वहीत आहे ना?"

"घरी जाताय? लोक म्हणतील, बाई दिलेला डोळा परत न्यायला आल्या."

"म्हणू देत."

सुताराचं दुकान रस्त्यावर होतं आणि मागे दोन खोल्यांचं घर. ती पोचली तेव्हा सूर्य गेला होता, दिवे अजून लागले नव्हते. सुताराच्या बायकोने तिला आत बसवलं. एका लहानशा खिडकीतून राखाडी उजेड येत होता. उंबऱ्यावर एक बारकीशी मुलगी रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या कुरळ्या सालींची रांग लावत बसली होती. सुतार दुकान आवरून, तोंड धुऊन, डोळा बसवून आत आला आणि डोळेबाईसमोर बसला. मुंगीने साली उचलल्या आणि ती आईमागे गेली.

डोळेबाईने त्याच्याकडे बघितलं.

उजवा डोळा मोठा झाला होता. अंधुक उजेडात बाहुली पसरून बुबुळाच्या अर्ध्याहून जास्त झाली होती, मध मागे सरला होता, सगळा डोळा काळा, मऊ, उघडा दिसत होता. आणि डावा? डावा तिने रंगवला तसाच होता. तीन मिलिमीटर. त्यात सकाळचे अकरा वाजले होते. एक डोळा खोलीत होता आणि दुसरा कडक उन्हात कुठेतरी दूर बघत उभा होता. तिने चित्रकारांची जुनी खोड म्हणून पापण्या अर्ध्या मिटल्या. असं केलं की बारकावे पुसले जातात, फक्त गडद आणि फिकं उरतं. अर्ध्या मिटल्या पापण्यांतून तिला एकाच चेहऱ्यात दोन माणसं दिसली. मुलगी खोटं बोलत नव्हती. तिने जसं दिसलं तसं सांगितलं होतं.

"दिवा लावू का ताई?" बायकोने विचारलं.

"नको. थोडं थांबा."

ती पाचएक मिनिटं तशीच बसून राहिली. सुतार अवघडला. शेवटी म्हणाला, "फार वाईट दिसतंय का?"

"तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "माझं चुकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने खिडकी बंद केली. वर जुनी चादर टाचली. काका दारात उभे राहून बघत होते. "बाई, बरं वाटत नाही का?" तिने हाताने बसायला सांगितलं. अंधुक खोलीत तिने आपल्या रंगांच्या सगळ्या चकत्या ओळीने मांडल्या. मध, गेरू, हिरवट, विटकरी, सगळे रंग एकाच राखेत बुडाले होते. कुठला कुठला ते तिला लावलेल्या चिठ्ठ्यांवरूनच कळत होतं. उजेड गेला की रंग आधी जातो. गडद-फिकं मागे राहतं. हे ती पहिल्या वर्षाला शिकली होती, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते.

वाजलेत किती? आता तिला कळलं, सर काय विचारत होते. चित्रात वस्तू असते तशी तिच्यावर पडलेली वेळही असते, आणि कुठली वेळ ठेवायची ते चित्रकाराने ठरवायचं असतं. तिने कधी ठरवलंच नव्हतं. खिडकीने दिली ती वेळ घेतली होती.

हलणारी बाहुली तिला करता येणार नव्हती. मग चकतीवर असं काय करता येईल की उन्हात ती लहान दिसेल आणि सांजेला मोठी? चौथ्या दिवशी तिला वाट दिसली. बाहुली तिने तीनाऐवजी चार मिलिमीटरची केली आणि तिची कड, जी ती नेहमी सुईच्या टोकासारखी स्वच्छ ठेवायची, ती मोडली. काळ्याभोवती गडद विटकरी रंगाचं एक कडं दिलं, मग त्याहून किंचित उजळ, मग मध. भर उजेडात विटकरी विटकरीच दिसेल, म्हणजे बुबुळाचा भाग वाटेल आणि काळा ठिपका आवरलेला राहील. उजेड उतरला की विटकरीतला लाल मरेल, मागे नुसता गडदपणा उरेल आणि तो काळ्याला जाऊन मिळेल. डोळा आपला आपण उघडेल. तीन चकत्या वाया गेल्या. एकीत कडं फार रुंद झालं, दिवसाही डोळा घाबरल्यासारखा वाटू लागला. एकीत रेषा कड्यावरून पुढे गेल्या आणि त्यांनी कडं तोडलं. चौथी तिने अर्धी खिडकीत आणि अर्धी चादरीमागे रंगवली, सारखी उठत, बसत, चादर वर-खाली करत.

"एकोणीस वर्षांत एवढा व्यायाम केला नसेल बाईंनी," काका म्हणाले. पण चादर तेच धरून उभे होते.

डोळा बसला तेव्हा तोच तरुण डॉक्टर पुन्हा आला. या वेळी त्याने एका नजरेत सांगितलं, "डावा खोटा. पहिला जास्त जमला होता, बाई." खिडकीशी ते खरंच होतं. सकाळच्या उजेडात डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा गडद होता, जरासा जड. जे तिला सर्वांत चांगलं जमायचं ते तिने स्वतःच्या हाताने सैल केलं होतं. काकांनी डॉक्टरला चहा पाजला, पण टाळी वाजवली नाही.

त्या संध्याकाळी ती पुन्हा सुताराकडे गेली. दिवे लागायच्या आधीची तीच वेळ. सुतार आत येऊन बसला. हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसतात तसा. बायको दारात पदर मुठीत धरून उभी होती. मुंगी आईमागून अर्धी बाहेर आली. आधी शर्टाकडे बघितलं. मग वर.

ती बराच वेळ बघत होती. मग दोन पावलं पुढे आली. मग अजून दोन. बापाच्या गुडघ्यांमध्ये उभी राहिली आणि बोट त्याच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या बरंच खाली ठेवलं.

"हा खोटा आहे ना?"

सुताराने मान डोलावली. "हो गं. खोटाच आहे."

मुंगीने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं. मग म्हणाली, "पण हा बघतो." आणि वळून, बापाकडे पाठ करून, त्याच्या मांडीवर चढून बसली आणि खाली पडलेली लाकडाची साल पायाने जवळ ओढू लागली.

सुतार हलला नाही. त्याने हातही तिच्याभोवती घातला नाही, उठून जाईल या भीतीने. डोळेबाई चहा न घेताच निघाली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "लागला का माझा धागा?"

"लागला."

"मग तोंड का उतरलंय?"

तिला आधी रंगवलेले डोळे आठवत होते. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाची वही काढली. एकोणीस वर्षांत तीनशे सतरा डोळे. त्यांतले घारे, पिंगट, उजळ असे, सुतार सोडून, सव्वीस. सव्वीस माणसं रोज संध्याकाळी डोळ्यात सकाळचे अकरा घेऊन घरी जात होती. तक्रार घेऊन एकही आला नव्हता. तिने सव्वीस पत्रं लिहिली: डोळा बदलून देऊ, संध्याकाळी साडेसहाला यावं. काका म्हणाले, "बाई, ज्याला दुखत नाही त्याला कशाला विचारायचं, दुखतंय का म्हणून?" पण तिकिटं त्यांनीच चिकटवली.

सात जण आले. पाच जणांनी नवा डोळा करून घ्यायचं ठरवलं. एकाने हसण्यावारी नेलं. सातव्या होत्या एक निवृत्त मास्तरीणबाई, पिंगट डोळ्यांच्या, अकरा वर्षं तोच डोळा वापरणाऱ्या. दर वर्षी डोळा चकाकवून घ्यायला येत आणि दर वर्षी निघताना म्हणत, "छान आहे हो." डोळेबाईने दिवा न लावता त्यांना आरशासमोर बसवलं आणि जरा चाचरतच सगळं समजावून सांगितलं.

मास्तरीणबाईंनी आरशात बघितलंही नाही. "ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"पहिल्या संध्याकाळपासून."

"मग कधी बोलला नाहीत?"

"संध्याकाळी माझ्याकडे बघायला कोण येतंय, बाई? आरसा तेवढा असतो." त्यांनी रुमालाने डोळ्याची कड टिपली, पिशवी उचलली. "बदलायचा नाही मला. राहू दे. छान आहे हो."

वहीत त्यांच्या नावापुढे तिने लिहिलं, बदल नको. खिडकीवरची चादर तिने काढली नाही. आता ती रोज दोन तास उजेडात आणि एक तास चादरीमागे बसते. काकांना त्याचीही सवय झाली आहे. मास्तरीणबाई पुढच्या वर्षी डोळा चकाकवून घ्यायला येतील, तेव्हा त्यांना विचारायचं असं तिने ठरवलं आहे, फक्त शब्द जुळत नाहीत. रोज संध्याकाळी आरशात ते दिसत असताना, अकरा वर्षं दर वर्षी या खिडकीशी बसून त्या "छान आहे हो" म्हणत होत्या, तेव्हा त्या नेमकं कोणाला सांभाळून घेत होत्या?